बारावं पान

पोरं त्यांना पाठीमागे बोटबाई म्हणायची. बाईंच्या कानावर ते कधीच आलं होतं आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं, कारण नाव खरंच होतं. एकतीस वर्षं त्यांनी पोरांना एकच गोष्ट शिकवली. शब्दाखाली बोट ठेवायचं, तो शब्द तोंडातून नीट बाहेर पडला की मगच बोट पुढं सरकवायचं. "बोट ठेव" हे दोन शब्द त्या दिवसातून इतक्या वेळा म्हणत की घरी नवऱ्यानं पेपर उघडला तरी तोंडातून निघून जायचं. नवरा पोस्टात टपाल निवडण्याच्या कामावर होता, आता निवृत्त. "अगं, मी काय तुझ्या चौथीत आहे का?" असं म्हणायचा आणि तरी बोट ठेवायचा.

बाई तापट होत्या. खडू फेकून मारणाऱ्यांपैकी नव्हत्या, पण जीभ अशी की त्यापेक्षा खडू परवडला असता. तरीही त्यांच्या वर्गातून वाचता न येणारं पोर पुढं गेलं नाही, असं गावभर बोललं जायचं. बाईही तसंच समजत होत्या. समजत होत्या, इथंच सगळी मेख आहे.

त्या नोकरीला लागल्या तेव्हा वाचनाच्या तक्त्यात चार रकाने असायचे. अस्खलित वाचतो, वाचतो, अडखळत वाचतो, वाचता येत नाही. पुढं वरच्या कचेरीतल्या कुणा शहाण्याला वाटलं की 'वाचता येत नाही' असं लिहिल्यानं पालकांचं मन दुखावतं. तो रकाना गेला. मग 'अडखळत' हा शब्द कुणाला तरी टोचला, तोही गेला. दोघांच्या जागी एकच आला, 'वाचनाच्या वाटेवर'. आता वाटेवर म्हणजे कुठं? पोर घरातून निघालंय, का पोचत आलंय, का वाटेतल्या खड्ड्यात पडलंय, ते कुणी विचारायचं नाही. शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता एकमेकांना विचारायचे, "तुमची किती वाटेवर?" आणि हसायचे. बाईंना त्या हसण्याचा वीट होता.

त्यात आला मोबाइल. दुपारी बारापर्यंत त्यात भरायचं, किती पोरं आली, किती जणांनी हात धुतले, हात धुतानाचा फोटो, आवारात झाडं किती, त्यांतली जिवंत किती. एकदा नळाला पाणी नव्हतं. हेडसरांनी पोरांना कोरड्या नळाखाली हात धरायला लावून फोटो काढला आणि पोरांनी इमानदारीत हात चोळले. तो फोटो वरच्या कचेरीनं चांगला नमुना म्हणून सगळ्या शाळांना पाठवला. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय.

हे हेडसर म्हणजे बाईंचाच जुना विद्यार्थी. पहिलीत असताना 'ढ'ला 'द' म्हणायचा. बाईंनी बोट धरून ते सोडवलं होतं. आता पोट सुटलेलं, शर्ट कडक इस्त्रीचा, आणि बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवावेत. चारचौघांत बाई त्याला "सर" म्हणत आणि "अहो-जाहो" करत. दार लोटलं की "तू". त्याला ते दोन्ही चालायचं. त्याला सगळंच चालायचं, हीच तर त्याची खोट होती.

त्या वर्षी हेडसरांच्या डोक्यात पाटीनं घर केलं. 'वाचती शाळा' अशी निळ्या रंगाची पाटी वरची कचेरी देणार होती, फाटकाशेजारी लावायला. अटी तीन. चौथीतलं एकही पोर 'वाटेवर' नको. तसं पत्रक वर्गशिक्षकानं भरून खाली सही करायची, आणि पालकांच्याही सह्या हव्यात. आणि एक साहेब येऊन वर्गातल्या एका पोराकडून नमुना पान वाचून घेणार. नमुना पान कुठलं? सगळ्यांना सारखं माप लागावं म्हणून कचेरीनं ते ठरवूनच टाकलं होतं. चौथीच्या पुस्तकाचं बारावं पान. ठरवलं ते ठरवलं, वर सहा महिने आधी सगळ्या शाळांना कळवलंही.

मग काय, हेडसरांनी मधल्या सुट्टीआधीचा तास स्वतःकडे घेतला. त्याला नाव दिलं खास तास. त्या वेळात बाई शेजारच्या खोलीत बसून मोबाइल भरत. बाराव्या पानावर 'अस्वलाचा चष्मा' नावाचा धडा होता. भिंतीपलीकडून रोज एकेचाळीस गळे ओरडायचे, "अस्वलाला चष्मा लागला. सगळं जंगल हसलं." बाई झाडं मोजत बसलेल्या. ऐकून मनात म्हणायच्या, बरं आहे, वाचतायत तरी. हे पुढं आठवलं की त्यांना स्वतःचीच किळस यायची.

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे टकळी म्हणत. तोंड म्हणून बंद नाही. कालची मालिका, परवाचं भांडण, बापाच्या ट्रकच्या मागं लिहिलेलं वाक्य, सगळं तिच्या जिभेवर. आई दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी धुवायला जायची, बाप आठवडा आठवडा गाडीवर. सहामाहीला बाईंनी टकळीकडून वाचून घेतलं होतं तेव्हा ती घडाघडा बोलत गेली होती, बोट शब्दाखाली, जिथल्या तिथं. बाईंनी मान डोलावून 'अस्खलित'वर खूण केली आणि पुढच्या पोराला हाक मारली. एकेचाळीस पोरं, पाऊण तास, आणि बारापर्यंत झाडं मोजायची होती.

साहेब आले त्या दिवशी सकाळीच हेडसरांनी कोठीतले गठ्ठे फोडले. पुढच्या वर्षाची नवीन पुस्तकं तीन आठवडे तिथं पडून होती. बाकांवर कोरी, चकचकीत पुस्तकं दिसली की फोटो बरा येतो, एवढाच त्यात विचार. पुस्तकाची आवृत्ती बदलली आहे, हे बघायला कुणाला सवड नव्हती. हेडसर फाटक रंगवून घेत होते. पुस्तकं वाटली बाईंनी, पण उघडून त्यांनीही पाहिली नाहीत.

साहेबांबरोबर फोटो काढणारा होता. हेडसरांनी टकळीला उभं केलं, कारण आवाज खणखणीत. तिनं बारावं पान काढलं, आकडे तिला येत होते. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंड कॅमेऱ्याकडे केलं. बाई मुलीच्या मागं उभ्या होत्या. त्यांची नजर सवयीनं बोटावर गेली आणि तिथून पानावर. पानावर होडीचं चित्र होतं. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'माझी होडी'.

टकळीनं बोट ठेवलं आणि सुरू केलं. "अस्वलाला चष्मा लागला. सगळं जंगल हसलं. ससा म्हणाला, अस्वलदादा, आता तरी तुम्हाला आम्ही दिसू का?" बोट झोकात चाललं होतं. शब्दाशी थांबत होतं, पुढं सरकत होतं, ओळ संपली की खालच्या ओळीवर येत होतं. बाईंनी शिकवलेलं बोट ते, त्यात काडीचं वैगुण्य नाही. होडीचा धडा जरा लहान होता. पान संपलं, अस्वल संपलं नव्हतं. टकळीनं बोट परत वर नेलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा चालवलं.

साहेब कॅमेऱ्याकडे बघत होते. हेडसर साहेबांकडे बघत होते. वाचता येणारी पोरं पुढ्यातल्या होडीकडे आणि एकमेकांकडे बघत मूग गिळून बसली होती, कारण मधे बोलायचं नाही अशी ताकीद होती. अस्वल संपल्यावर साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "वा. अस्खलित. स्वल्पविरामसुद्धा सोडला नाही पोरीनं."

बाई वर्गाबाहेर पडल्या. त्या पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभ्या राहिल्या, तोंडावर पाणी मारलं. कोरड्या नळाखाली हात चोळणारी पोरं डोळ्यांसमोर आली. ही पोरगी दुसरं काय करत होती? पाणी नसलेल्या नळाखाली हात चोळायला बाईंनीच तिला शिकवलं होतं.

शाळा सुटल्यावर त्यांनी टकळीला थांबवून घेतलं. पुस्तकातलं नववं पान काढलं आणि म्हणाल्या, "हे वाच बघू."

टकळी हसली. "बाई, पहिला शब्द सांगा ना."

"का गं? पुढ्यात तर आहे."

"पहिला सांगितला की पुढचं येतं मला. नेहमी शेजारची सांगते."

"आणि नाही सांगितला तर?"

बाईंनी टकळीला गप्प बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, "पण बाई, बोट बरोबर चाललं होतं ना माझं?"

बाईंनी 'क' दाखवला, तो आला. 'म' आला. 'ब' आणि 'व' यांत गोंधळ. 'घ' समोर धरला तर म्हणाली, हा आमच्या वेळी नव्हता. वय वर्षं दहा. चार महिन्यांनी पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत जाणार होती. तिथं सात विषय आणि सात शिक्षक, आणि सातांपैकी कुणीही तिला 'घ' शिकवणार नव्हतं. तिथं ती मागच्या बाकावर बसेल, वर्षभर हसण्यावारी नेईल, आणि मग एक दिवस यायची बंद होईल. अशी किती तरी बंद झालेली पोरं बाईंनी बाजारात पाहिली होती. ती आपल्या वर्गातली नव्हेत, असं त्या आजवर धरून चालल्या होत्या.

पुढच्या दोन दिवसांत त्यांनी एकेका पोराला कोपऱ्यात घेऊन तपासलं. वाचता न येणारी नऊ निघाली. रात्री त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "आमच्याकडं पत्ता चुकलेलं पत्र निदान परत यायचं." बाईंनी जेवण अर्धं टाकलं.

हेडसरांकडे गेल्या, दार लोटलं. "तू उभ्या केलेल्या पोरीनं साहेबांना होडीच्या पानावरून अस्वल ऐकवलं. ठाऊक आहे ना?"

"नंतर कळलं, बाई." हेडसर हसले. "पण काय बोलली पोरगी, नाही का? साहेब तर खूश."

"साहेबाला वाचता येतं का, तेवढं विचारून घे एकदा. वर्गातल्या नऊ पोरांना येत नाही."

"बाई, तुम्ही पण ना." त्यांनी पत्रक पुढं सरकवलं. "नऊ पोरांसाठी अख्ख्या शाळेची पाटी घालवायची का? एकेचाळिसांत नऊ म्हणजे काही फार नाही. पुढच्या शाळेत करतील की त्यांचं ते. पालकांचेही कागद घरी पाठवलेत मी, एक-दोन दिवसांत येतील."

"तू 'ढ'ला 'द' म्हणायचास तेव्हा मी तुला पुढच्या शाळेवर सोडलं असतं तर आज या खुर्चीत कोण असतं?"

हेडसर गोरेमोरे झाले, पण गोडवा गेला नाही. "म्हणूनच तर तुमच्या सहीला मान आहे, बाई. तुमची सही असली की कुणी वळून बघत नाही." आणि हे खरं होतं. त्या वाक्यानं बाईंना अंगावर पाल पडावी तसं झालं. एकतीस वर्षांची अब्रू त्याला पुसणं म्हणून हवी होती. पत्रक घेऊन त्या निघाल्या, सही न करता, पण नाहीही न म्हणता. निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि भीती त्यांनाही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टकळीची आई आली. कामाच्या घाईत, हाताला साबणाचा वास, बोटांची टोकं पाण्यानं सुरकुतलेली. पालकांचा कागद तिनं चौपदरी घडी घालून पिशवीतून काढला. त्यावर एकच वाक्य छापलेलं होतं, माझ्या पाल्याला वाचता येते याची मला खात्री आहे. खाली सहीची जागा.

"बाई, एक विचारू? हसू नका मला," ती म्हणाली. "मला काही वाचता येत नाही, सही तेवढी गिरवून गिरवून शिकलेय. कशावर सही करतेय ते कळावं म्हणून पोरीला म्हटलं, वाच. तिनं वाचलं. पण सरकारी कागदावर अस्वलाची गोष्ट कशाला लिहितात हो?"

तिला चेष्टा करायची नव्हती, खरंच विचारत होती. "बोट ठेवून वाचलं तिनं?" बाईंनी विचारलं.

"हो की. घडाघडा."

बाईंनी तिला खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. टकळीला वाचता येत नाही. ती पाठ म्हणते. चूक तिची नाही, माझी आहे, मीच सहामाहीला खूण केली. आईचा चेहरा आधी कोरा होता, मग कडक झाला. "साहेबांनी टाळ्या वाजवल्या," ती म्हणाली. "मी कामावर सगळ्यांना सांगितलंय. आमच्यात पहिली वाचणारी ती. आता तुम्ही म्हणता येत नाही? तुमचं काही वाकडं असेल तर माझ्याशी बोला, पोरीवर काढू नका." तिनं टेबलावरचं पेन उचललं, जीभ दातांखाली धरून सही काढली, एकेक रेघ, चित्र काढावं तशी, आणि निघून गेली.

कागद बाईंच्या पुढ्यात राहिला. त्यावर खरंच गोष्टच लिहिलेली होती, टकळीच्या आईला तेवढं बरोबर कळलं होतं. बाईंनी पट्टी घेतली, लाल पेन घेतलं आणि हेडसरांच्या पत्रकावर उजवीकडे एक उभी रेघ ओढली. वर लिहिलं, 'वाचता येत नाही'. खाली नऊ नावं लिहिली. त्याच्याखाली लिहिलं, 'सहामाहीला मी केलेल्या खुणा चुकीच्या होत्या', आणि सही केली. बरं वाटलं म्हणावं तर तसंही नाही.

"हे काय हात दाखवून अवलक्षण, बाई?" पत्रक बघून हेडसर म्हणाले. ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं पत्रक काढलं, बाईंची तब्येत बरी नसल्यानं चौथीचा वर्ग आपल्याकडे घेतल्याचं दाखवलं आणि स्वतः सही ठोकली. बाईंना कोठीत जुनी पुस्तकं मोजायला बसवलं. तीन आठवड्यांनी पाटी आली. निळी, ठसठशीत, फाटकाशेजारी.

बाईंनी एक केलं. मधल्या सुट्टीत नऊ पोरांना कोठीत बोलवायला सुरुवात केली. तेवढा अर्धा तास कुणाच्या बापाचा नव्हता. त्यांनी पुठ्ठ्याला एका शब्दाएवढी खिडकी कापली. पानावर पुठ्ठा ठेवायचा, खिडकीत एकच शब्द, मागचा झाकलेला, पुढचा झाकलेला. बाकीची पोरं मुकाट्यानं करायची. टकळीचं मात्र पालथ्या घड्यावर पाणी. उचलली जीभ, लावली टाळ्याला. खिडकीत 'अ' दिसला की म्हणायची अस्वल. 'अंगण' अस्वल, 'आई'सुद्धा अस्वल. बाईंनी एकदा वैतागून म्हटलं, "बाई गं, तुझं अस्वल मेलं आता, सोड त्याला." पोरगी रडली. बाईंनाही रडू आलं, पण त्यांनी पुठ्ठा पुढच्या शब्दावर सरकवला.

एक महिना गेला. टकळी बोलायची कमी झाली. घरी मालिकेतली वाक्यं म्हणेना. आईनं शेजारणींसमोर पुस्तक दिलं तर अडखळायला लागली, एकेका अक्षराशी थांबायला लागली. शेजारणी हसल्या. मग आई टकळीला घेऊन तडक शाळेत आली, हेडसरांच्या खोलीत, आणि बाईंना कोठीतून बोलावणं गेलं.

"माझी पोरगी घडाघडा वाचायची," आई सांगत होती. "साहेबांनी टाळ्या वाजवलेल्या. या बाई तिला कोठीत नेतात तेव्हापासून तोतरी झालीय. बिघडवली यांनी."

हेडसरांनी बाईंकडे पाहून मान हलवली, म्हाताऱ्या माणसाचं करतात तसं. "बाई थकल्यात हो. आणखी तीन महिने. तुम्ही काळजी करू नका, मी सांगतो त्यांना." मग टकळीकडे वळून लाडानं म्हणाले, "बाळा, ते आपलं अस्वल म्हणून दाखव बरं आईला. काही विसरली नाही ती."

त्यांनी टेबलावरचं पुस्तक उघडून दिलं. बारावं पान. टकळीनं आईकडे पाहिलं, हेडसरांकडे पाहिलं. अस्वल तिला सगळं येत होतं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, आणि ते म्हटलं असतं तर तिघंही मोठी माणसं शांत बसली असती.

टकळीनं बोट ठेवलं. "मा," ती म्हणाली. "मा... झी." बराच वेळ गेला. "हो... डी. होडी." आईनं कपाळाला हात लावला आणि मान खाली घातली. हेडसर घड्याळाकडे बघू लागले. टकळीचा घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता. "मी... का... ग... कागदा... ची." तिथं ती अडकली. पुढचा शब्द जोडाक्षराचा होता. तिनं मान वर करून बाईंकडे पाहिलं.

"बाई, पुढचं मला माहीत नाही."

"माहीत नसायलाच हवं," बाई म्हणाल्या. "बोट ठेव आणि वाच."

टकळीनं बोट त्या शब्दाखाली नेलं आणि तिथंच दाबून धरलं.